दुकानात लागणारा ब्रेक

दिवाळी उरकली, बांगडा लागला, आणि नेमका त्याच आठवड्यात चिमाच्या सायकलीचा ब्रेक लागेनासा झाला. समुद्राने हात सैल सोडला की घरातलं काहीतरी आखडून बसतं, हा तिचा अनुभवच होता. गेल्या साली सासऱ्याचा गुडघा आखडला होता, यंदा सायकल.

सन दोन हजार एकची ही गोष्ट. रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाताना किनाऱ्याला चिकटून मासे मारणाऱ्या खारव्यांची एक वाडी लागते. पंचवीस-तीस घरं, पुढे वाळू, मागे चढण. चिमाचं घर चढणीच्या अगदी पायथ्याशी. नवरा हरिश्चंद्र वेरावळच्या ट्रॉलरवर खलाशी, पावसाळ्यापुरता घरी. बाकी वर्षभर घरात तीन माणसं: चिमा, आठवीतली रुचिरा आणि सासरा आनंदा.

चिमाचा दिवस पहाटे साडेचारला किनाऱ्यावर सुरू व्हायचा. होड्या लागल्या की मासळी घ्यायची, सहाच्या सुमाराला डोक्यावर पाटी घेऊन घरी यायचं, पाटी सायकलच्या कॅरिअरला आवळायची आणि चढण चढून सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जायचं. सड्यावर तिठा, तिठ्यावर एस.टी.चा थांबा आणि लवूचं सायकलचं दुकान. तिथून दोन मैल उघडा कातळ, आणि मग पलीकडची गुरवघाटी उतरली की गाव. गावातल्या बायका साडेआठपर्यंत वाट बघायच्या. नऊ वाजले की चुलीवर डाळ चढायची, आणि एकदा डाळ चढली की बांगडा सोन्याचा असला तरी कुणी दारात उभं करायचं नाही. सगळा धंदा त्या अर्ध्या तासावर होता, आणि तो अर्धा तास सायकलीवर.

ही सायकलसुद्धा सहज आलेली नव्हती. शाळेतल्या हेमाबाईंची पोफळीला बदली झाली तेव्हा त्यांची लेडीज सायकल चिमाने घेतली आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर, ती चालवायला शिकली. अख्खी वाडी बघायला जमली होती. बाई पाचवारी खोचून सायकलीवर बसते म्हणजे आता काय काय बघायचं राहिलं, असं म्हाताऱ्या म्हणत होत्या. आनंदा तेवढा होडीला टेकून शांत बसला होता. तो म्हणाला, “होडी आडवी झाली तर मानूस बुडतो. ही आडवी झाली तर उठून उभा ऱ्हातो. मंग भ्यायचं कशाला गो?” सासऱ्याचं ते बोलणं चिमाला इतकं आवडलं, की ती त्या दिवशी आणखी चार वेळा पडली तरी उठली.

आनंदा एके काळचा तांडेल. चाळीस वर्षं त्याच्या होडीवर माणसं त्याच्या शब्दावर उठली-बसली. दोन वर्षांपूर्वी होडीच्या फळ्या कुजल्या, ती मोडावी लागली, आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्याच्या हाताला काम राहिलं नाही. बोटं दोराने वाकडी झालेली, ती आता नुसती गुडघ्यावर ठेवून बसायचा. पण घरात कधी कुणाला जड झाला नाही. मिळेल ते जेवायचा आणि नातीच्या पुस्तकातली चित्रं बघायचा.

दिवाळीच्या आधी पंक्चर काढताना लवूने चिमाला बजावलं होतं की रिमला गंज धरायला लागलाय, मासळीचं खारट पाणी गळतं, सायकल जपा. चिमाने ते रात्री जेवताना सहज सांगितलं आणि विसरूनही गेली. आनंदाच्या तोंडातला घास मात्र क्षणभर थांबला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे ती किनाऱ्यावर गेली की म्हातारा सायकल अंगणात काढायचा. ती परत येईपर्यंत सायकल पुसून, कॅरिअरची दोरी नीट गुंडाळून तयार असायची. हातात फडका घेऊन उकिडवा बसलेला सासरा बघून तिला बरं वाटायचं. दोन वर्षांनी त्याच्या अंगात जीव आला होता.

आणि मग ब्रेक सुटला.

पहिल्यांदा ती लवूकडे गेली तेव्हा त्याने काही विशेष नाही म्हणून नवी रबरं घातली. लवू पंचेचाळिशीचा, सड्याच्या पलीकडल्या अंगाचा, बोलायला कमी आणि हाताला बरा असा माणूस. त्याने फडक्याने चाक पुसलं, ब्रेक दाबून दाखवला. चाक जागच्या जागी अडलं. चिमा खूश होऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवघाटीच्या तोंडाशी ब्रेक दाबला, तर सायकल आपली घसरतेच आहे. तिने दोन्ही पाय खाली टाकले, चपलेचे तळवे जांभ्यावर खरडत कशीबशी पहिल्या वळणावर थांबली.

परतताना ती पुन्हा लवूकडे. त्याने पान्याने दांड्या आवळल्या, चाक पुसलं, ब्रेक दाबून दाखवला. लागला. दुसऱ्या दिवशी घाटीत पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला लवूने चाकच सोडलं, त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, रिम पॉलिशपेपरने घासली, स्वतः सायकलीवर बसून तिठ्यावर दोन फेऱ्या मारल्या. लागला. आणि सकाळी घाटीत?

दुकानात लागतो आणि घाटीत लागत नाही, असा ब्रेक चिमाने बापजन्मी पाहिला नव्हता. तिने मनाशी ताडलं ते एवढंच, की हा माणूस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुरतं काम करतो. चौथ्या दिवशी ती तिठ्यावर पोचली तेव्हा दहाची एस.टी. यायची होती आणि थांब्यावर सात-आठ माणसं उभी होती. चिमाच्या पाटीत निम्मी मासळी तशीच पडून होती, कारण घाटी पायी उतरल्यामुळे गावात डाळी चढल्या होत्या. तिने सायकल लवूच्या पुढ्यात उभी केली. तिला मुळात हळू बोलायला यायचं नाही, मासळीवालीला हळू बोलून चालतही नाही.

लवू उठला. त्याने रिमवर बोट फिरवलं, बोट विजारीला पुसलं आणि म्हणाला, “वयनी, रिम चिकट होते. तुमच्या मासळीचं पानी गळतंय, त्याला मी काय करू?”

“चार दिवस पाटीखाली पलास्टिक घालत्ये मी. दोन पदरी. एक थेंब गळत नाय.” चिमाने पाटी उचलून खालचं कोरडं प्लास्टिक त्याला आणि थांब्यावरच्या माणसांनाही दाखवलं. “मासळीवालीची सायकल म्हटली की वास मासळीचा, चूक पन मासळीची. काम येत नसेल तर दुकान कशाला मांडलंत? पानपट्टी घाला. तिथं चुना लावलात तरी कोन काय बोलनार नाय.”

थांब्यावरची माणसं हसली. लवूचा चेहरा उतरला. त्याने सायकल आडवी केली आणि पुन्हा कामाला बसला. हसणाऱ्यांच्या भरात चिमालाही थोडा जोर चढला होता, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लवूने जुनी रबरं काढली, दुकानाच्या आत जाऊन दुसरी घेऊन आला, ती बसवली, आणि ब्रेक दाबून न दाखवताच सायकल तिच्या हाती दिली. तो म्हणाला, “ह्याच्यावर माज्याकडं काय नाय.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मासळीला गिऱ्हाईक जास्त. पाटी शिगोशीग भरलेली. गुरवघाटीच्या तोंडाशी चिमा क्षणभर थांबली, ब्रेक दाबून पाहिला, सपाटीवर लागल्यासारखा वाटला, आणि तिने सायकल उतारावर सोडली.

पहिलं वळण निघालं. दुसऱ्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला आणि तिला कळलं की हातात काही नाही. नुसती मूठ आवळली जात होती, चाक आपल्या तालात पळत होतं. मागची पाटी पुढे ढकलत होती. तिने पाय टाकले, एक चप्पल निसटली, उघडी टाच खडीवर फरफटली. वळणावरचा दगडी गडगा समोर आला तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. मासळी कुठं पडणार हे तिला आधीच दिसलं, आणि मग खांद्याखाली दगड आला.

ती उठून बसली तेव्हा कोपर सोललं होतं, पातळ गुडघ्यावर फाटलं होतं आणि बांगडे रस्ताभर पसरले होते. चकचकीत बांगड्यांना तांबडी धूळ लागली होती. कावळे लगेच आले. चिमा बसल्या जागेवरूनच हात हलवून त्यांना हाकलत होती. खालच्या घरातली तुळसा, तिचं रोजचं गिऱ्हाईक, वळणावर धावत आली. तिने आधी चिमाला उठवायला हात दिला, पण चिमा म्हणाली आधी मासळी. दोघींनी मिळून एकेक बांगडा पाटीत भरला. तुळसाच्या बावीवर पाणी शेंदून ते धुतले. फुटलेले, खरचटलेले वेगळे काढताना चिमाच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. पडण्याचं नव्हतं, लागण्याचंही नव्हतं. रस्त्यावर पडलेली मासळी घेऊन आता दारोदार कुठल्या तोंडाने जायचं, याचं होतं. तुळसाने कोपराला हळद लावली, एक फडका बांधला आणि ते खरचटलेले बांगडे न विचारता आपल्या टोपात ओतून घेतले. आपल्या घरात धुऊनच शिजवतात, असं म्हणाली.

सायकलीचं हँडल वाकडं झालं होतं. चिमा ती ढकलत घरी आली. आनंदा पडवीत बसला होता. त्याने तिच्या टाचेकडे बघितलं, मग कोपराकडे, मग सायकलीकडे. कसं झालं एवढंच विचारलं. ब्रेक लागला नाही, लवूने पुन्हा काम वाईट केलं, असं चिमाने सांगितलं. रुचिराने आईची टाच कोमट पाण्याने धुतली, तेव्हा म्हातारा उठून अंगणात गेला आणि वाकडं हँडल पायांत धरून सरळ करायचा प्रयत्न करू लागला. ते काही झालं नाही.

रविवारी पहाटे चिमा किनाऱ्यावरून मासळी घेऊन लंगडत परत आली, तर घरात सायकलही नव्हती आणि सासराही नव्हता. रुचिरा म्हणाली, आजोबा सायकल ढकलत चढणीने गेले. हातातली काठी हँडलला अडकवून. त्यांना थांबवायला ती मागे धावली होती, पण त्यांनी ऐकलं नाही.

चिमाने चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी घेतली आणि निघाली. सासू भागूबाई तीस वर्षं ह्याच चढणीवरून अशीच जायची. सायकलीच्या दोन वर्षांत चिमाची मान मऊ पडली होती, हे तिला पहिल्याच वळणावर कळलं. जागोजागी तिला धुळीत पावलांचे आणि चाकाचे ठसे दिसत होते. मध्ये दोन ठिकाणी म्हातारा बसला असावा, चाक आडवं टेकवलेलं दिसत होतं. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यात वात, आणि ही चढण. तिला राग आला, आणि ती लंगडतच भरभर चालू लागली.

तिठ्यावर ती पोचली तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर परवाचीच माणसं होती. रविवारी दहाची गाडी नसायची, म्हणून ती सकाळच्याच गाडीला आली होती. आनंदा लवूच्या दुकानासमोर उभा होता, दोन्ही हात काठीवर. लवू खाली बसून वाकडं हँडल दोन गुडघ्यांत धरून सरळ करत होता. आणि चिमाला दुकानाच्या कुडाला टेकवलेली लवूची स्वतःची सायकल दिसली. तिच्या ब्रेकांच्या चारही खोबणी रिकाम्या होत्या. परवा आत जाऊन आणलेली रबरं त्याने स्वतःच्या सायकलीची काढली होती. चिमा पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. तिला खाली ठेवायचं सुचलं नाही.

आनंदा म्हणत होता, “माजी सून पडली. कडेला गडगा नसता तर कुठं जाऊन पडली असती? तू मला वळखतोस. चाळीस वर्सं होडी चालवली, एक मानूस बुडवला नाय. हातात धरलेलं काम तडीला न्यायचं असतं, लवू.”

लवू मान खाली घालून ऐकत होता.

“तू बोललास गंज धरतोय. बघ, हाय कुठं गंज?” आनंदाने काठीने रिम दाखवली. आवाज चढला. होडीची सेवा कधी बोलून दाखवू नये, दृष्ट लागते, असं तो आयुष्यभर म्हणत आला होता, पण आज त्याला भान नव्हतं. “रोज पहाटे मुशीचं तेल चोळतोय मी तिला. होडीचा उरलेला डबा होता, तो काढला. रिमला, तारांना, दांड्यांना, आतल्या बाजूनं सुद्धा. एक दिवस चुकवला नाय. मी माजं काम केलं. तू तुजं केलंस काय?”

थांब्यावरच्या माणसांपैकी कुणाला त्यात काही कळलं नसेल. पण लवूचा हात हँडलवर थांबला. त्याने वाकून रिमच्या आतल्या बाजूवर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. मग त्याने वर बघितलं, आणि त्याची न् चिमाची नजर एक झाली.

मुशीचं तेल. मुशी माशाचं उग्र वासाचं, लाकडाला पाजायचं, होडीला दर हंगामाआधी चोळायचं तेल. ते रिमवर असताना जगातलं कुठलं रबर धरणार होतं? तिच्या घरात, तिच्या अंगाला, तिच्या पाटीला इतका मासळीचा वास, की सायकलीला येणारा आणखी एक वास तिला आलाच नाही. लवूलाही आला नाही. मासळीवालीची सायकल म्हणून त्यानेही नाक बाजूला ठेवलं होतं. तो रोज पुसून ब्रेक लावत होता, आणि घरचा म्हातारा रोज पहाटे मायेने ब्रेक काढत होता.

आता लवूने बोलायचं, एवढंच राहिलं होतं. ज्या माणसांसमोर तिने त्याला पानपट्टी घालायला सांगितली होती, तीच माणसं समोर होती. एका वाक्यात त्याची अब्रू परत आली असती. चिमा त्या वाक्याची वाट बघत उभी राहिली. ते आपल्याला लागेलच, पण त्याहून म्हाताऱ्याला लागेल, हे तिला कळत होतं.

लवू उठला. हात पुसत म्हणाला, “चुकलं, तांडेल. रबरं कच्ची निघाली. आज नीट करून देतो.”

आनंदाने मान हलवली. त्याचा राग गेला. लवूने त्याला बाकावर बसवलं आणि प्यायला पाणी दिलं. चिमाला बोलायचं होतं. आपण बोललो ते मागे घ्यायचं होतं, सगळ्यांसमोर. पण बोलावं तर खरं काय ते सांगावं लागत होतं, आणि खरं सांगावं तर तो बाकावरचा म्हातारा परत कधी कशाला हात लावणार नव्हता. ती पाटी सावरून घाटीकडे निघाली. ह्या गप्प बसण्याची लाज तिला घाटीभर डोक्यावरच्या पाटीपेक्षा जड लागली.

गावाहून परत येताना तिने चार चांगले बांगडे मागे ठेवले होते. ती दुकानात आली तेव्हा आनंदा सायकल घेऊन घरी गेला होता. तिने बांगडे पानात गुंडाळून लवूच्या बाकावर ठेवले.

“लवूदादा, त्या दिवशी माजी जीभ घसरली.”

“घसरनारच,” लवू चाकात हवा भरता भरता म्हणाला, “तेल तुमच्याच घरचं.” आणि मग हसला. चिमाही हसली, हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ती पदर तोंडाला लावून तिथून निघाली.

घरी आनंदा जेवला नाही. रुचिरा अभ्यासाला बसली, चिमाने दिवेलागण केली, तरी तो पडवीच्या खांबाला टेकून सायकलीकडे बघत बसला होता. चिमा भाताचं ताट घेऊन त्याच्या पुढ्यात बसली.

तो म्हणाला, “लवू खोटं बोलला.”

चिमाने ताट त्याच्यापुढे धरलं.

“तू गेलीस, मंग तो चाक रॉकेलनं पुसत बसला. एकदा नाय, तीनदा. मला पाठ करून पुसत होता. मी बघितलं.” म्हाताऱ्याने आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. “होडीला तेल लागतं. हिला नाय लागत. मला विचारायचं सुचलं नाय गो. मी पाडली तुला.”

“तुमी नाय पाडलंत, मामा. माजाच हात सुटला.”

“आता तू पन खोटं बोल.”

चिमाने ताट खाली ठेवलं. पंधरा वर्षं ती ह्या घरात होती, पण सासऱ्याच्या अंगाला तिने कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी तिने त्याची दोन्ही मनगटं धरली आणि म्हणाली, उद्यापासून चाक राखेनं घासायचं, कोरडं, नारळाच्या सोडणाचा काथ्या घेऊन. ते काम मला जमणार नाही, ते तुमचंच. म्हाताऱ्याने ताट ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून रिम आरशासारखी दिसायला लागली. ब्रेक अंगणात लागायचा, वाडीत लागायचा, सड्यावर लागायचा. पण घाटी आली की चिमालाच ब्रेक लागायचा. तोंडाशी पोचली की तिची टाच ठणकायला लागायची, हातांना घाम यायचा, आणि ती खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागायची. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. ब्रेक नीट आहे हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं डोक्यात असतं आणि भीती पायांत, आणि सायकल पायांनी चालते. गावात पोचेपर्यंत नऊ वाजायचे, डाळी चढायच्या. अर्धी मासळी परत यायची. परत आलेली मासळी सुकवायला मांडताना ती आनंदाकडे बघायची नाही. पण अंगणात वाढत चाललेली ती सुकी मासळी म्हाताऱ्याला दिसत होतीच.

गुरुवारीही तेच झालं. शुक्रवारी पहाटे चिमा पाटी घेऊन घरी आली तर सायकल तयार होती, कॅरिअरची दोरी गुंडाळलेली होती, आणि आनंदा पुन्हा नव्हता. लवूकडे गेला असेल, असं तिला वाटलं. पण तिठ्यावर लवूने मान हलवली. तांडेल पहाटेच इथून पुढे गेला, तो म्हणाला. कातळाकडं.

चिमाने उरलेले दोन मैल जोरात सायकल हाणली. घाटीच्या तोंडाशी आली आणि सवयीने उतरायला पाय टाकला, तेवढ्यात तिला तो दिसला. खाली, दुसऱ्या वळणाच्या अलीकडे, जिथं ती पडली होती तिथं, रस्त्याच्या बरोबर मधोमध आनंदा उभा होता. काठी त्याने बाजूला गडग्याला टेकवली होती. दोन्ही हात मोकळे होते.

ती ओरडली, “मामा, बाजूला व्हा!”

त्याने हाताने खूण केली. खाली ये, अशी. होडी किनाऱ्याला घेताना तांडेल पुढच्या माणसाला करतो तशी. मग तो ओरडला. आवाज अजून तसाच होता, लाटेवरून जाणारा.

“बसून ये. माज्या पुढ्यात उभी कर.”

चिमाने मान हलवली. त्याने पुन्हा तीच खूण केली आणि हात खाली सोडून उभा राहिला. तो जाणार नाही हे तिला कळलं. चाळीस वर्षं ज्याचा शब्द कुणी मोडला नाही, त्या माणसाचं ते उभं राहणं होतं. उजेड वाढत होता, खाली गावात कुणाच्या तरी घरातून धूर निघाला होता.

ती सायकलीवर बसली. पाटी मागे जड होती. तिने सायकल सोडली आणि उतार तिच्या हातात आला. पहिलं वळण गेलं. वाऱ्याने कानात आवाज भरला. म्हातारा मोठा होत होता, त्याची टोपी दिसली, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसलं. तिने ब्रेक दाबला. रबर रिमला धरलं. चाक कुरकुरलं, मागची पाटी तिच्या पाठीला लागली, सायकल दोनदा अडखळली, आणि पुढचं चाक म्हाताऱ्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर उभं राहिलं.

तो हलला नव्हता. एक पाऊलसुद्धा नाही.

चिमाने पाय टेकले. आता भीती गेली होती आणि तिच्या जागी राग आला होता, असा राग तिला आयुष्यात सासऱ्याचा कधी आला नव्हता.

“आनी ब्रेक लागला नसता तर?”

आनंदाने हँडलवर हात ठेवला.

“तर दोघं पडलो असतो,” तो म्हणाला. “त्या दिवशी तू एकटीच पडलीस.”

म्हाताऱ्याने गडग्यापाशी जाऊन काठी घेतली, आणि सायकलीला वाट सोडून कडेला उभा राहिला. त्याने तिला जायला सांगितलं, डाळी चढतील म्हणाला. तिने पेडलवर पाय ठेवला आणि उरलेली घाटी उतरू लागली.